बेअरिंगचं घर

१

सियांतार गावात फटफटीच्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे पुष्कळ होते. पण इंजिनातलं कुठलं बेअरिंग आपलं घर सोडायला लागलंय, हे रस्त्याकडे पाठ करून सांगणारा मांगासी पुर्बा एकटाच.

युद्धाच्या वेळी इंग्रजी फौजेबरोबर आलेल्या धिप्पाड फटफट्या सुमात्रात मागेच राहिल्या. गावानं त्यांच्या कुशीला माणसं बसवायची गाडी जोडली आणि तिला बेचा म्हणायला सुरुवात केली. बाजार, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं तिच्यावरच. सुटे भाग मिळायचे केव्हाच बंद झाले होते. जे झिजेल ते गावातच घडवायचं, आणि त्यातही बारीक मापाचं काम असेल तर मांगासीच्या लेथवर.

दुकान म्हणजे त्याच्या घराचाच पुढचा खण. पुढे लेथ, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सकाळी तो लेथच्या पाट्यांना तेलाचं बोट लावायचा, बायको तियुर कॉफी आणून द्यायची, म्हातारी आई उंबऱ्यात बसून विडा जमवायची, आणि धाकटी लेक बुतेत शाळेचा सदरा घालून मामाच्या बेचाची वाट बघायची.

त्या दिवशी मामा आला तो दुसऱ्याच्याच बेचातून. मांडीवर पोतं.

"काय लाए, कॉफी एकट्याचीच का?"

मांगासी हसला. मेव्हणे एकमेकांना लाएच म्हणतात. त्यात लामहोत तियुरचा धाकटा भाऊ, म्हणजे तिच्या माहेरचा माणूस. त्याचा मान जावयानं राखायचा असतो, देवाच्या खालोखाल.

"पोत्यात काय आणलंस? डुक्कर?"

"डुक्कर असतं तर तुला दाखवलं असतं होय? मागच्या दारानं ताईकडे दिलं असतं." लामहोतनं पोतं बाकावर ठेवलं. आत इंजिनाच्या पेटीचे दोन अर्धे होते, धुऊन पुसून आणलेले. "डावीकडचं बेअरिंग घरात फिरतंय. कितीदा बसवून घेतलं, पुन्हा ढिलं. काल नदीच्या उतारावर चेन एकदम ताठ झाली, मागचं चाक अडकलं. गाडीत सगळी शाळेची पोरं. तुझी बुतेत पण."

तियुर कपबशी घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस ताई, धक्का मारायला येणार होतीस?" लामहोतनं उडवून लावलं, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. घरी त्याचं चार-सहा महिन्यांचं बाळ होतं आणि ती बेचा हीच त्याची सगळी शेतीवाडी होती.

मांगासीनं पेटीचा डावा अर्धा उजेडात धरला. बेअरिंगचं घर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पेटीत कोरलेला गोल खळगा. बेअरिंगची पोलादी कडी त्यात इतकी घट्ट बसायला हवी, की पेटी तापवल्याशिवाय निघू नये. कडी फिरायला लागली की घर झिजतं, आणि घर झिजलं की कडी आणखी फिरते. या घरावर पूर्वी बऱ्याच जणांनी हात चालवलेला दिसत होता. कुणी पंचनं टोचे मारून कड उचलली होती, कुणी डब्याच्या पत्र्याची पट्टी घातली होती, कुणी डिंकासारखं काहीतरी ओतलं होतं.

हे नेहमीचंच. पण झीज चुकीच्या जागी होती.

पिस्टनचा ठोका खाली येतो. झीज खाली हवी. खालची बाजू जवळजवळ शाबूत होती. वर, कडेपाशी, एक उथळ, लांबट खळगा पडला होता आणि तो आरशासारखा झळाळत होता. मांगासीनं भिंग लावलं. धातूवर धातू घासला की रेघा उठतात. इथे एकही रेघ नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या काठीची मूठ वर्षानुवर्षं हातात राहून जशी गुळगुळीत होते, तसं ते होतं.

त्यानं सहज अंगठा टेकवला. अंगठा त्यात नेमका बसला.

"काय झालं?" लामहोतनं विचारलं.

"काही नाही," मांगासी म्हणाला आणि अंगठा पँटला पुसला. "ठेवून जा. असं बसवतो की तुझा नातू पण काढणार नाही."

२

त्यानं काम मन लावून केलं. पेटी लेथच्या तबकडीवर आवळली, डायल लावून केंद्र साधलं आणि झिजलेलं घर पोखरून मोठं केलं. झळाळणारा खळगा कीस होऊन खाली पडला तेव्हा त्याला उगीचच बरं वाटलं. मग जुन्या पोलादी दांड्यातून एक बुश, म्हणजे घरात बसेल असं जाड कडं, काढला. मासळीवाल्याकडून बर्फ आणून बुश त्यात पुरला, पेटी कोळशाच्या शेगडीवर ठेवली. पेटीवर थुंकी टाकली, ती टणाटण उडायला लागली, तसा त्यानं बुश उचलून सोडला. तो आपल्या वजनानंच आत गेला. पेटी गार झाल्यावर बुशाला आतून बेअरिंगच्या मापाला आणलं, पुन्हा तापवलं आणि नवं बेअरिंग सोडलं.

टक्.

हा आवाज त्याला फार आवडायचा. गार होताना घर बेअरिंगला मिठी मारतं, आणि मग ती मिठी सुटत नाही. त्यानं तांब्याच्या कांडीनं ठोकून बघितलं. सगळीकडून एकच भरीव नाद. खात्री म्हणून कडी, बुश आणि पेटी या तिघांवरून मिळून एक बारीक सरळ रेघ ओढली आणि दुकान बंद केलं.

सकाळी पेटीवरची आणि बुशावरची रेघ एका ओळीत होती. कडीवरची रेघ नखभर बाजूला सरकली होती.

मांगासीनं बोटांनी कडी फिरवून बघितली. हलेना. लाकडी दांडा आत अडकवून दोन्ही हातांनी जोर लावला. तरी हलेना.

"बुतेत, काल माझ्या बाकावर हात लावलास?"

"नाही बापा. तिथं काळं लागतं."

आपणच रेघ वाकडी ओढली असणार, असं त्यानं ठरवलं. ती खोडली, नवी ओढली, आणि दिवसभर दुसरी कामं करत राहिला. दुपारी जेवून आला तर रेघ पुन्हा सरकलेली. मधल्या वेळात दुकानात कुणी आलं नव्हतं. पेटी बाकावर एकटी पडून होती. आत दांडा नाही, चाक नाही, काहीच नाही.

धातू गार होताना ताण सोडतो. हवा दमट आहे. शेगडीचा ताव कमी पडला असेल. कारणं पुष्कळ होती आणि मांगासीनं ती सगळी स्वतःला ऐकवली. मग मात्र त्याला राग आला. आपल्या हातचं बसवलेलं बेअरिंग हलतं, हे बाहेर कळलं तर तोंड कुठे दाखवायचं? त्यानं बुशाच्या सांध्यावर आटे पाडून स्क्रू मारले, कडीच्या काठावर पातळ पोलादी कडं बसवून ते चहूबाजूंनी आवळलं, स्क्रूंच्या डोक्यांवर पंच ठोकून ठेवला, आणि रेघ पुन्हा नवी ओढली.

"आता फिर," तो मोठ्यानं म्हणाला.

त्यानंतर रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इंजिनाचे बाकीचे भाग मेदान शहरातून दुरुस्त होऊन यायचे होते, म्हणून पेटी बाकावरच राहिली. मांगासी येताजाता तिच्याकडे बघायचा आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायचा.

३

पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार गेलं.

"अहो बुतेतचे बापा, या दाराची कडी लागत नाहीये. मांजर आत शिरलं आणि मसाल्यात शिजवलेला अर्सिकचा अख्खा मासा घेऊन गेलं."

त्यानं बिजागरी बघितली. मधली खीळ झिजून अर्धी झाली होती. दार नवंच होतं, त्यानंच बसवलेलं. त्यानं लेथवर नवी खीळ काढून घातली. दोन दिवसांत तीही लडबडायला लागली. मग खिडकीचा अडसर. मग हातपंपाचा दांडा, तो असा मोकळा झाला की पाणी यायच्या आधी चार हात नुसताच हलायचा. तियुरचं शिवणाचं मशीन खडखडायला लागलं.

"घरात राहतो कोण? गावातला सगळ्यात बारीक मापाचा माणूस," तियुर म्हणाली. "आणि आमच्याकडे एक वस्तू धड जागेवर नाही. लोकांना सांगू का?"

"सांग. फुकट जाहिरात होईल."

तो हसला खरा, पण दुपारी जेवण झाल्यावर घर निजलं की त्याला आवाज यायला लागला होता. फार बारीक. बेअरिंग हातात घेऊन कानाशी धरलं, बोटानं हळूहळू फिरवलं की आतले गोळे जसे सरकतात, तसा. थोडा वेळ फिरायचं, थांबायचं, उलटं फिरायचं. मांगासीच्या उभ्या आयुष्यातला तो ओळखीचा आवाज. कुठे ढिलाई आहे हे तपासताना तो स्वतःच तसं फिरवतो, आणि थांबून ऐकतो.

आवाज बाकावरून येत नव्हता. तो आतल्या खोल्यांतून येत होता. एकदा दाराकडून, एकदा खिडकीकडून. तो उठून गेला की बंद व्हायचा.

मग एका दुपारी आई चटईवरून उठायला गेली आणि उठता उठता खाली बसली. पडली नाही, ओरडली नाही. नुसती चकित होऊन म्हणाली, "पोरा, मी उठले, पण पाय तिथंच राहिला बघ."

खुबा जागचा हलला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं हाड बसवलं आणि या वयात असं होतंच, असं सांगितलं. मांगासीला ते पटलं. पटवून घेतलं. आईचं वय झालंच होतं. घरी परतताना ती मात्र त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "वय झालं म्हणू नकोस मला. दुपारी कुणीतरी माझा पाय धरून बघतं. वाईट नाही धरत. तुझा बाप रेडा विकत घेताना बघायचा तसं बघतं."

४

रविवारी तियुर बुतेतला घेऊन चर्चला गेली. आईला सोडून जाता येत नव्हतं म्हणून मांगासी थांबला. लख्ख ऊन होतं. समोरच्या रस्त्यावरून गाणं शिकवणाऱ्या मास्तरांची बेचा गेली आणि मग सगळं शांत झालं. आई आतल्या खोलीत झोपली होती. मधलं दार आता कधीच नीट मिटत नसे, ते अर्धवट उघडं होतं.

त्यानं पेटी उचलून बाकावरच्या व्हाइसमध्ये धरली. लामहोतचे भाग आले होते, उद्या इंजिन जुळवायचं होतं. शेवटचं एकदा बेअरिंग पुसावं म्हणून तो वाकला. रेघ जागेवर होती. कडी, बुश, पेटी, सगळं एका ओळीत, दगडासारखं घट्ट. त्यानं चिंधी पिळली आणि सवयीनं, गोळ्यांवर कचरा आहे का बघायला, बेअरिंगच्या भोकातून उजेडाकडे डोळा लावला.

भोकातून मधलं दार दिसत होतं. दारातून आईची चटई.

चटईशेजारी कुणीतरी बसलं होतं. मांगासीकडे पाठ होती. एका हातानं आईचा गुडघा धरला होता, दुसऱ्या हाताचा अंगठा खुब्यात रुतवला होता, आणि पाय हळूहळू बाहेर फिरवला जात होता. मग थांबणं. मान तिरकी करून कान खाली नेणं. मग पाय उलटा, आत.

ते काम करणाऱ्या माणसाचं बसणं होतं. घाई नव्हती, दुष्टपणा नव्हता. मांगासीनं आजवर कुणाला इतक्या मन लावून ढिलाई तपासताना बघितलं नव्हतं, आणि ही पद्धत आपलीच आहे, मान तिरकी करायची सवयही आपलीच आहे, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या हातातली चिंधी गळून पडली.

त्यानं डोळा काढला. खोलीत आई एकटीच झोपलेली होती. तिचा उभा केलेला गुडघा सावकाश कलंडून चटईला टेकला.

पुन्हा भोकातून बघायचा धीर त्याला झाला नाही. त्यानं चिंधी उचलून बेअरिंगच्या तोंडात कोंबली.

उन्हाचा कवडसा, झोपेचा अभाव, डोळ्यांवरचा ताण. तो बाकाला टेकून उभ्या उभ्या एकेक कारण काढत राहिला. पण एक गोष्ट त्याला आता कळली होती, आणि ती तो मनात नीट शब्दांत मांडायलाही तयार नव्हता. इतकी वर्षं त्या ढिल्या घरात कुणालातरी फिरवायला काहीतरी होतं. ते त्यानं बंद करून टाकलं होतं.

५

उपाय साधा होता. स्क्रू काढायचे, पेटी तापवायची, घर पुन्हा केसभर मोठं करायचं. त्यानं शेगडी पेटवलीसुद्धा. मग त्याला नदीचा उतार आठवला. आपल्या हातानं मुद्दाम ढिलं केलेलं बेअरिंग, ताठ झालेली चेन, अडकलेलं चाक, आणि गाडीत खच्चून भरलेली पोरं. त्यानं शेगडीवर पाणी ओतलं.

तियुर आणि बुतेत चर्चहून परतल्या. जेवताना बुतेत भाताचा घास घेता घेता म्हणाली, "बापा, दुपारी मी झोपते तेव्हा माझा हात कोण फिरवतं?"

तियुर वाढत होती. "स्वप्न पडत असेल. नीट खा."

"स्वप्न नाही आई. गुदगुल्या होतात. असा वर नेतं, मग खाली, आणि मग ऐकतं."

मांगासीनं ताट सारलं आणि तो उठला.

गावात रविवारी कुणी काम करत नाही, पण त्या दिवशी मांगासीनं केलं. शेजारपाजारचे चर्चच्या कपड्यांत अंगणात गप्पा मारत होते आणि त्याच्या दुकानातून पान्यांचा आवाज येत होता. दांडा बसवला, पेटीचे अर्धे मिटवले, आवळले. आतलं काही दिसेनासं झालं. दिवस मावळायच्या आत त्यानं दोघांच्या मदतीनं लामहोतची बेचा ओढून आणली, इंजिन तिच्यावर चढवलं आणि लामहोतला बोलावणं धाडलं.

लामहोत ताडी पिऊन खुशीत होता. त्यानं लाथ मारली. इंजिन पहिल्याच लाथेला लागलं आणि इतकं मऊ चालायला लागलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"लाए!" लामहोतनं त्याला कडकडून मिठी मारली. "अरे हे काय जादू केलीस? मांजर झोपेत गुरगुरतंय जसं! ताई, तुझ्या नवऱ्याच्या हातांना सोन्याची बांगडी घाल गं!"

"घरी घेऊन जा," मांगासी म्हणाला. "आत्ताच. तुझ्या अंगणात लाव."

बेचा वळणाआड गेली. त्या दिवसापासून मांगासीच्या घरात आवाज आला नाही. बुतेत शांत झोपली. आईचा पाय कुणी धरेनासं झालं. नवी घातलेली बिजागरीची खीळ टिकली. तो जेवायला लागला, हसायला लागला. फक्त लामहोतच्या बाळाचं नाव घरात निघालं की तो उठून दुकानात जायचा.

६

एका संध्याकाळी तियुर माहेरच्या घरून परतली, पिशवी ठेवली आणि पाय पसरून बसली.

"बेचा काय चालतेय त्याची! गावात नुसतं तेच बोलणं. घर मात्र, विचारू नका. एक दार लागेना. दुमारिस म्हणते, वाळवी असेल." दुमारिस म्हणजे लामहोतची बायको. "बाळाचंच कळत नाही, उचोकचं. दुपारी झोळीत एकटाच खुदखुदतो, आणि संध्याकाळी बघावं तर एक पाय उचलत नाही. वैदूनं तेल दिलंय. अहो, कुठं चाललात?"

"कुठं नाही," तो म्हणाला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी तो लामहोतकडे गेला. मेव्हण्याची बायको म्हणजे असं नातं, की एकमेकांशी सरळ बोलायचंही नसतं. निरोप द्यायचा तो भिंतीला किंवा पोराला उद्देशून. एकटीच्या घरी पाऊल ठेवणं तर दूरच. हे मांगासीला माहीत होतं. तो अंगणात घुटमळला. बेचा सावलीत उभी होती, लामहोत ओसरीच्या बाकावर घोरत होता. दुमारिस मागे कपडे धूत होती, आपटण्याचा आवाज येत होता. दार सताड उघडं, कलून लटकलेलं.

आत आढ्याला लुगड्याची झोळी टांगली होती. झोळीच्या कापडाला बाहेरून एक खळगा पडला होता, अंगठा दाबल्यासारखा. उचोकचा इवलासा पाय बाहेर आला होता आणि हवेत हळूहळू फिरत होता. बाहेर. थांबणं. आत. बाळ वर कुणाच्यातरी तोंडाकडे बघून हसत होतं.

मांगासी पुढे झाला. तो झोळीशेजारी जमिनीवर बसला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडून निघाली ती दुकानातलीच भाषा.

"त्याच्यात काही नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ते अजून कच्चं आहे. सगळे सांधे मऊ. त्यात कसली ढिलाई शोधतोयस?"

पाय थांबला.

मांगासीनं सदऱ्याची बटणं काढली, सदरा खाली टाकला आणि उजवा खांदा पुढे केला. "हा बघ. उभा जन्म लेथचं चाक फिरवून झिजलाय. यात सापडेल तुला. आणि मी हलणार नाही."

झोळीवरचा खळगा हळूच भरून आला. कापड सपाट झालं. मग त्याच्या दंडाला कुणीतरी खालून आधार दिला, आणि खांद्याच्या खोबणीत अंगठा टेकला. बोटं थंड नव्हती. खरखरीत होती, कामाची होती. हात बाहेर फिरवला गेला. कानाशेजारी कुणाचातरी श्वास रोखलेला जाणवला. हात उलटा, आत. मांगासीनं डोळे मिटून दात आवळले. खोबणीत काहीतरी केसभर सरकलं, आणि शेजारी एक समाधानाचा निःश्वास सुटला. चांगलं काम सापडलेल्या माणसाचा.

मागे बादली पडल्याचा आवाज झाला. दारात दुमारिस उभी होती. उघड्या अंगानं आपल्या बाळाशेजारी बसलेल्या नणंदेच्या नवऱ्याला, बाओला, बघून तिनं पदरानं तोंड झाकलं आणि ती किंचाळली.

लामहोत धावत आला. "लाए? माझ्या घरात? माझ्या बायकोसमोर अंगावरचा सदरा काढून?"

"लामहोत, बाळाच्या पायाला..."

"बाळाचं नाव काढू नकोस! दारू प्यायलायस का तू? ताईचा मुलाहिजा म्हणून, नाहीतर इथंच आडवा केला असता. ऊठ!"

मांगासीला सदरा उचलता येईना. उजवा हात वर जात नव्हता. लामहोतनंच तो उचलून त्याच्या तोंडावर फेकला.

७

गावात बोभाटा व्हायचा तो झाला. पंच बसले, मांगासीनं डुक्कर देऊन माफी मागितली. तियुर बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी तिनं न विचारताच तेलाची वाटी आणली आणि त्याच्या खांद्याला चोळायला बसली. चोळता चोळता तिचा हात थबकला. खांद्याच्या मागच्या बाजूला कातडीत एक खळगा पडला होता, गुळगुळीत, झळाळणारा. तिनं त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. तिचा त्यात बसला नाही. खळगा मोठा होता.

तिनं त्यावरही तेल चोळलं. त्यानंतर ती कधी त्याच्यावर रागावली नाही.

उचोक आता पळतो. लामहोतची बेचा गावात सगळ्यात मऊ चालते, आणि दुकानासमोरून जाताना लामहोत मान वळवत नाही. सगळी पोरं उतारावरून हसतखिदळत खाली जातात. मांगासी डाव्या हातानं लेथ फिरवायला शिकला. उजवा त्याच्या अंगाला नुसता लटकलेला असतो, एखाद्या दारासारखा.

दुपारी जेवण झालं की तो घरातल्यांना आत झोपायला पाठवतो आणि दुकानात भिंतीला खुर्ची लावून एकटा बसतो. सदरा काढतो. थोड्या वेळानं आवाज सुरू होतो. त्याची त्याला सवय झाली आहे. कधीकधी तर तो स्वतःच मान तिरकी करून ऐकतो. खांद्यात आता ऐकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

गेल्या काही दिवसांपासून अंगठा खांद्यावर जरा वेळच थांबतो. मग वर सरकतो, मानेच्या मागे, आणि एकेक मणका दाबत जातो. दुसरा हात हनुवटीखाली येतो, आणि डोकं अलगद डावीकडे फिरवलं जातं. थांबणं. मग उजवीकडे.

तिथं अजून घट्ट आहे. मांगासी श्वास रोखून, जराही न हलता बसून राहतो, आणि दोघंही ऐकतात.